सहा बोटं आखूड

निवृत्तीच्या दिवशी चर्चच्या मंडळीने मला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि एका कागदावर माझी सही घेतली.

कागदावर आठ कलमं होती. त्यातलं पाचवं असं की, निवृत्त पाळकाने एक वर्ष आपल्या जुन्या मंडळीच्या उपासनेला येऊ नये. तिच्या कोणाही सभासदाचा बाप्तिस्मा, लग्न किंवा दफनविधी करू नये. आणि सभासदांच्या घरी भेटीला जाऊ नये. नव्या पाळकाला लोकांशी नातं जोडायला मोकळी जागा मिळावी, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. तो चांगला आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण एकोणीस वर्षांपूर्वी ते कलम मीच लिहिलं होतं. माझ्या आधीचे पाळक निवृत्तीनंतरही दर रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसत आणि माझं प्रवचन चालू असताना मान हलवत. कधी होकारार्थी, बहुतेक वेळा नकारार्थी. मी मोठ्या हौसेने 'एक वर्ष' असं लिहिलं. कमिटीत कोणीतरी सहा महिने पुरे म्हणालं होतं. मी म्हणालो, नाही, वर्षच हवं.

पाळकनिवास सोडून मी मुलीकडे राहायला आलो. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे प्रश्न माझ्या एकट्याचा आणि पुस्तकांच्या एकतीस खोक्यांचा होता. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, चर्चच्या मागे चार गल्ल्या सोडून. तिने मला मागची खोली दिली. तिथे आधी कपडे धुण्याचं मशीन होतं आणि अजूनही आहे. त्याचे नळ दुसरीकडे नेता येत नाहीत. खाटेच्या एका बाजूला मशीन आणि उरलेल्या तीन बाजूंना खोकी. पाणी पिळायच्या वेळी मशीन थरथरायला लागलं की खाट थरथरते आणि वरच्या खोक्यातली पुस्तकं आतल्या आत सरकतात. खोकी मी उघडलीच नाहीत. उघडून पुस्तकं ठेवणार कुठे, हे एक कारण. दुसरं असं की, प्रवचन लिहायचं नसेल तर पुस्तक कशासाठी उघडायचं हे मला कळेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी पुस्तकवेडा माणूस आहे. कदाचित मी फक्त रविवारची तयारी करणारा माणूस असेन.

बाहेरही जाता येईना. या भागात दर दुसऱ्या दाराआड माझ्या मंडळीतलं कोणी ना कोणी राहतं. पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानापाशी एका बाईंनी मला गाठलं. "पाळकसाहेब! या ना घरी, ह्यांची तब्येत बरी नाही, दोन शब्द प्रार्थनेचे..." मी दात दुखतोय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एका दाताच्या डॉक्टरांचा पत्ता मुलीकडे पाठवला. त्यानंतर मी दुपारी, रस्ते ओस असताना, बाहेर पडू लागलो. मग तेही बंद केलं.

"बाबा, दुसऱ्या एखाद्या चर्चला जा की," मुलगी म्हणाली. "तुमच्या कलमात ते तर नाही ना?"

गेलो. दोन बस बदलून, जिथे कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी. शेवटच्या बाकावर बसलो. तिथल्या पाळकांबरोबर माझे ओठ हलत होते ते शेजारच्याने दोनदा वळून पाहिलं. तेही खपून गेलं असतं. पण शेवटी ते आशीर्वाद द्यायला उभे राहिले, त्यांनी हात वर केला, आणि माझाही हात वर गेला. मी नेला नाही; तो गेला. पस्तीस वर्षांची सवय. सगळी मंडळी माना खाली घालून उभी, आणि पुढे एक, मागे एक, असे दोघे हात उंचावून उभे! एका लहान मुलीने मान वर करून पाहिलं आणि आईचा पदर ओढला. मी 'आमेन'च्या आधीच बाहेर पडलो आणि पुन्हा गेलो नाही.

मुलीला मी ते हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "बाबा, तुम्ही दिवसभर त्या मशीनकडे बघत बसता," ती म्हणाली. "त्याला निदान काम तरी आहे."

ते तिच्या तोंडून निसटलं. नंतर तिने मला न विचारता दोनदा चहा दिला. पण शब्द खरा होता. आपल्याला पाळक म्हणून बोलावणं आलं होतं अशी माझी समजूत होती. मग ते बोलावणं माणसाला होतं की त्या काळ्या झग्याला? झगा उतरवला की खाली काय उरतं? ते मला तपासायचं नव्हतं, म्हणून मी खाटेवर बसून राहत होतो.

झग्याचं आठवलं त्याच आठवड्यात मंडळीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"पाळकसाहेब, एक विचारायचं होतं. उपासनेचा झगा कपाटात नाहीये. इतके दिवस पाहुणे पाळक येत होते, ते आपापला आणत, म्हणून लक्षात आलं नाही. चुकून तुमच्या सामानात..."

"बघतो," मी म्हणालो.

बघायची गरज नव्हती. तो सातव्या खोक्यात होता, शब्दकोशांच्या खाली. सामान बांधताना तो मी घडी करून ठेवला तेव्हा स्वतःशी म्हणालो होतो की, हा इथे तात्पुरता. झगा मंडळीचा होता, माझा नव्हता. आयुष्यात मी कोणाची टाचणी उचलली नाही आणि निवृत्त होताना चर्चचा झगा पळवला.

"सापडला तर एवढं करा," सेक्रेटरी पुढे म्हणाले, "नव्या पाळकबाई तिसऱ्या रविवारी येतायत. त्या तुमच्या खांद्याला लागतील फार तर. झगा सहा बोटं आखूड करायला हवा. तुमच्या बिल्डिंगखालीच टेलर आहे ना? आणि तो आता आपला सभासद नाही, म्हणजे तुमचं कलम पाचही मोडत नाही!" ते मोठ्याने हसले, आणि मग एकदम थांबले. त्यांना आठवलं असावं. "म्हणजे... तुमची हरकत नसेल तर. नाहीतर मी कोणाला तरी पाठवतो."

तो टेलर सभासद का नाही, हे मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. त्याला कारण मीच.

मला न वाचता बोलता येत नाही. चार माणसांसमोर उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटते. म्हणून मी सगळं लिहून नेत असे. दफनविधीचा माझा एक ठरलेला मजकूर होता, चार पानांचा. त्यात मृताच्या नावाची जागा मोकळी ठेवलेली. त्या त्या वेळी नाव पेन्सिलीने भरायचं, नंतर खोडायचं. अकरा वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन दफनविधी आले. मंगळवारी एका निवृत्त नर्सचा, गुरुवारी या टेलरमास्तरांच्या बायकोचा. मंगळवारचं नाव खोडायचं राहून गेलं. आणि मी ते वाचलं. एकदा नाही, तीनदा. कारण मजकुरात नाव तीनदा येत होतं आणि मी कागदावरून डोळे वर उचलतच नव्हतो. मास्तरांची बायको बावीस वर्षं दर शनिवारी चर्चमधली फुलं लावायची. मी तिला दुसऱ्याच बाईच्या नावाने मातीत ठेवलं.

कोणी मध्येच बोललं नाही. मास्तर दफनभूमीच्या फाटकापाशी थांबले होते. त्यांनी मला एकच विचारलं, "पाळकसाहेब, पेटीत कोण होतं?"

त्यानंतर ते चर्चमध्ये आले नाहीत. मी माफीची पत्रं लिहिली. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा चांगल्या भाषेत उतरलं. टाकलं एकही नाही.

आणि आता मी त्यांच्या डोक्यावर राहायला आलो होतो. आमचा जिना उतरतो तो थेट त्यांच्या दुकानाच्या दाराशी. चार महिने मी शेवटच्या पाच पायऱ्या तोंड भिंतीकडे करून उतरत होतो.

झगा खोक्यातून काढून खाटेवर पसरला तेव्हा मुलगी दारात येऊन उभी राहिली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणा इकडे, मी देते खाली. तुम्ही नका जाऊ."

हात पुढे करून ती उभी होती. द्यायचाच होता. मी झगा उचललासुद्धा. पण मघाचं सेक्रेटरींचं वाक्य डोक्यातून जाईना. या सगळ्या भागात मला ज्याच्या दारात जायची मोकळीक आहे असा एकच माणूस उरलाय, आणि तो हा. बाकीची सगळी दारं माझ्याच कलमाने बंद आहेत. हे एक उघडं आहे, कारण ते मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या हाताने मंडळीच्या बाहेर ढकललं होतं.

"मीच जातो," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही जिन्यावरून चोरासारखे उतरता त्या मास्तरांमुळे. मला काय दिसत नाही?"

"म्हणूनच," मी म्हणालो. हे फार धीराचं वाटेल, पण पहिल्या मजल्यावर मी दोनदा थांबलो आणि एकदा परत वर चढलो.

दुकान म्हणजे जिन्याखालची अरुंद जागा. एक शिलाई मशीन, एक फळी, एक स्टूल, वर तिरकं छत. मास्तर फळीवर वाकून कापडावर बोटं फिरवत होते. पूर्वी ताठ बसायचे. मी उंबऱ्यात उभा राहिलो तसा दुकानातला उजेड गेला.

"कोण? उजेड सोडा."

"मी... वरचा. तिसऱ्या मजल्यावरचा." नाव सांगण्याचं धाडस झालं नाही.

"काय आहे?"

"झगा आहे. सहा बोटं आखूड करायचाय."

त्यांनी हात पुढे केला. मी झगा दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग नाद सोडून दिला आणि बोटांनीच चाचपायला लागले. काठ, शिवण, बाही. बोटं काखेपाशी थांबली.

"हा मी शिवलाय," ते म्हणाले.

माझ्या ते लक्षात नव्हतं. म्हणजे, लक्षात असायला हवं होतं.

"उजव्या बाजूला आतून एक जादा खिसा आहे बघा. कोणी लावत नाही असा खिसा. पाळकांनी सांगून लावून घेतला होता, प्रवचनाच्या कागदांसाठी." त्यांचा हात त्या खिशात गेला. "बसा, पाळकसाहेब. कधीपासनं ओळखलंय. चार महिने जिन्यावर दबकत उतरताय, अख्ख्या बिल्डिंगीत एवढ्या हळू कोणी चालत नाही."

मी स्टुलावर बसलो. गुडघे मशीनला लागले, पाठ भिंतीला. उठायचं म्हटलं तरी आधी स्टूल सरकवावं लागलं असतं.

त्यांच्या हातात कागद होते. चार पानं, घड्या पडून मऊ झालेली. मी ती तिथे विसरलो होतो.

"काय आहे हे? मला आता वाचता येत नाही. डोळ्यांची एवढीशी खिडकी उरलीय."

खोटं बोलता आलं असतं. जुनं प्रवचन आहे, असं. मला ते सुचलंसुद्धा.

"दफनविधीचा मजकूर," मी म्हणालो. "तोच."

मशीनवर ठेवलेला त्यांचा हात हलला नाही. बाहेरून कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं.

"कुणाचं नाव आहे त्यावर?"

"कुणाचंच नाही. त्या दिवसानंतर विधी संपला की तिथंच उभ्या उभ्या खोडायचो. खोडून खोडून त्या जागी भोक पडलंय."

त्यांनी अंगठ्याने पान चाचपलं. भोक सापडलं. अंगठा त्यात अडकला, फाटेल की काय असं वाटलं.

"माझ्या बायकोचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

शाळेत फळ्यापाशी उभं केलेल्या पोरासारखा मी ताठ झालो. मी नाव घेतलं. लग्नाआधीचंही घेतलं. शनिवारी फुलं लावताना ती देठ वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची, चर्चमध्ये पाकळी पडू द्यायची नाही, हेही सांगितलं. मग म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं. मी त्या दिवशी तिच्याकडे पाहिलंच नाही. कागदाकडे पाहिलं." एवढंच निघालं. त्या सगळ्या पत्रांतलं एकही वाक्य आठवलं नाही.

"हं," मास्तर म्हणाले. कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. "अकरा वर्षं लागली. तिसरा मजला ते तळमजला." मग फळीवर काहीतरी शोधत म्हणाले, "माफ केलं वगैरे समजू नका हं. तसलं मला पटकन जमत नाही."

"नाही समजत."

"आणि इथं प्रार्थना-बिर्थना नको."

"नाही."

"मग रिकामे बसू नका. ही सुई ओवा. मशीन मी हाताच्या अंदाजानं चालवतो, पण या झग्याचा काठ हातशिलाईचा आहे आणि सुईचं नेढं काही केल्या दिसत नाही. पूर्वी समोरची बाई ओवून द्यायची, ती घर सोडून गेली."

मी चष्मा काढला. लहानपणापासून मला लांबचं दिसत नाही. शाळेत चेंडू यायचा तो नाकावरच, म्हणून तर पुस्तकांत शिरलो. पण चष्मा काढला की नाकाजवळचं सगळं अजूनही लख्ख दिसतं. दोरा पहिल्याच फटक्यात आत गेला.

"झाली?" मास्तर म्हणाले. "लबाडी नाही ना?"

"ओढून बघा."

त्यांनी ओढून पाहिलं. मग सुयांची अख्खी पुडी माझ्यापुढे ठेवली. "सगळ्या ओवा. एक संपली की दुसरी लागते. दर वेळी तुम्हाला हाक मारायला मी काय तिसऱ्या मजल्यावर येऊ?"

मी बारा सुया ओवल्या. दरम्यान त्यांनी खडूने खूण करून झग्याचा खालचा काठ कापला. मापाला सहा बोटं लावली, माझी नाही, स्वतःची. कात्री चालली तेव्हा 'थांबा' म्हणावंसं वाटलं, ते इथे लिहायची लाज वाटते. इतकी वर्षं तो काठ माझ्या बुटांना घासत होता. मास्तरांनी कापलेली पट्टी माझ्याकडे फेकली. "फळीवर सुया नका सांडू. यात टोचून ठेवा रांगेनं."

त्या काळ्या पट्टीत मी ओवलेल्या सुया टोचत गेलो.

"उद्या?" निघताना मी विचारलं.

"उद्या काय? सुया संपणारच की."

तेव्हापासून मी रोज जातो. यात सांगण्यासारखं फार नाही. दुकान माझ्या खोलीपेक्षा लहान आहे. दोन तास बसलं की पाय बधिर होतात, आणि मास्तर उठू देत नाहीत, कारण मी उठलो की उजेड जातो. ते दिवसभर टोमणे मारतात. "एवढी पुस्तकं वाचलीत, एकात तरी काजं कशी करतात ते लिहिलंय का?" गिऱ्हाईक आलं की माझी ओळख करून देतात: "हे माझ्याकडे नवीन लागलेत. हात बरा आहे, बोलत नाहीत फार." वर आलं की मशीन थरथरत असतं, खोकी तशीच. मशीनमुळे खोलीचं दार नीट लागत नाही, तेही तसंच; आणि कलम पाचचे अजून सात महिने शिल्लक आहेत. मी सुटलो असं म्हणणार नाही. सकाळी उठल्यावर कुठे जायचं ते ठरलेलं असतं, इतकंच. त्याला बोलावणं म्हणावं का, मला माहीत नाही. पूर्वी मी अशा प्रश्नांवर चार पानं लिहीत असे.

झगा वेळेत तयार झाला. सेक्रेटरी येऊन घेऊन गेले. तिसऱ्या रविवारी नव्या पाळकबाई तो घालून उभ्या राहिल्या असतील. मास्तर रविवारी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून काम करतात. मी आत स्टुलावर होतो. पहिली घंटा झाली, मग दुसरी. चार गल्ल्यांपलीकडून आवाज येतो तो जरा दबलेला, उशीतून आल्यासारखा. मी सुया ओवत होतो, पण मनात क्रम चालू होता: आता गीत, आता शास्त्रपाठ, आता प्रवचन. बाईंचं प्रवचन माझ्यापेक्षा छोटं असू दे, असं मला मनापासून वाटलं. निदान बरंचसं मनापासून.

"आता कुठवर आलं असेल तिकडे?" मास्तरांनी अचानक विचारलं.

"आशीर्वाद. शेवट."

ते थोडा वेळ काज करत राहिले. "बायकोला तेवढं आवडायचं," ते म्हणाले. "तुमचं बोलणं लांबतं म्हणायची, पण शेवटी हात वर करतो तेव्हा माणूस बरा दिसतो."

मी दोरा तोडला.

मास्तरांनी कापड बाजूला ठेवलं. बोटातलं अंगुस्तान काढलं, फळीवर ठेवलं. मान खाली घातली. मला आधी वाटलं, टाचणी शोधतायत.

"तिच्या नावानं करा," ते म्हणाले. "कागद नको."

मी उठायला गेलो. उठता आलं नाही. वर तिरकं छत, पुढे मशीन. बसल्या बसल्याच हात वर केला. तो छताला लागला, कोपरात वाकला, आणि बोटांच्या चिमटीत ओवलेली सुई तशीच होती. दोरा खाली मास्तरांच्या खांद्यापर्यंत लोंबत होता. जीभ टाळूला चिकटली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मानेवर खडूची पांढरी रेघ उमटली होती. मग मी तिचं नाव घेतलं, बरोबर घेतलं, आणि तिला व तिच्या माणसाला देवाच्या हाती दिलं. दोन वाक्यं झाली असतील. आवाज चिरकला. वाक्यरचना तर अगदीच साधी.

"आमेन," मास्तर म्हणाले. अंगुस्तान पुन्हा बोटात चढवलं. "आणा ती सुई इकडे. आणि हात खाली घ्या, उजेड अडतोय."